कप्तान डेव्ह गॅलाहर

न्यूझीलंड देशातील ऑकलंड शहरात ईडन पार्क नावाचे एक विस्तीर्ण क्रीडांगण आहे. रग्बी या खेळाचे सामने पाहण्यासाठी तेथे हजारो प्रेक्षक जमतात. या क्रीडांगणाच्या आवारात ब्राँझ धातूचा एक भव्य पुतळा उभा आहे. तो २०११ मध्ये उभारण्यात आला. पुतळ्याचा आकार प्रत्यक्ष माणसाहून बराच मोठा आहे. त्याच्याकडे मान वर करून पाहणाऱ्या मुलाला सहजच वाटेल की, हा कोणी महाकाय पुरुष असला पाहिजे. परंतु ज्याचा हा पुतळा आहे त्या डेव्ह गॅलाहरची उंची सुमारे १८३ सेंटिमीटर व वजन सुमारे ८४ किलो होते. आजच्या रग्बी संघात तो उभा राहिला असता, तर अंगाने लहान अशा खेळाडूंतच त्याची गणना झाली असती. असे असूनही रग्बीच्या इतिहासात त्याचे नाव अग्रभागी आहे. ते का, हे कळण्यासाठी त्याचे चरित्र पाहिले पाहिजे. आणि त्याबरोबरच त्याच्या खेळाचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे.

रग्बी हा मूळचा इंग्लंडमधील खेळ. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा खेळाडू असतात. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन पळता येते, पायाने उडवता येते. मात्र हाताने फेकताना तो पुढे फेकता येत नाही, मागच्या किंवा बाजूच्या गड्याकडेच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या मागील रेषेपलीकडे चेंडू नेऊन जमिनीला टेकवला की, त्याला ट्राय म्हणतात व त्याचे गुण मिळतात. हुतुतूत आत शिरलेल्या गड्याला जसे कवळ घालून रोखतात, तसे रग्बीत चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडतात. फरक एवढाच की, येथे दोघेही भरधाव धावत असतात. म्हणून या खेळात शरीराला शरीर भिडते आणि शरीर केवढे आहे, या प्रश्नाला महत्त्व येते.

डेव्हिडचा जन्म ३० ऑक्टोबर १८७३ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील रॅमेल्टन या लहानशा गावी झाला. त्याचे वडील जेम्स हे दुकानदार होते. डेव्हिड जन्मला तेव्हा ते उतारवयाला लागलेले होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्या सुमारास न्यूझीलंडमध्ये वसाहत करण्यासाठी आयर्लंडमधून कुटुंबे नेण्यात येत होती. तेथे शेतीला जमीन मिळेल या आशेने १८७८ मध्ये हे कुटुंब जहाजात बसले आणि अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून न्यूझीलंडच्या उत्तर बेटातील काटिकाटी या वसाहतीत येऊन राहिले. नव्या देशात कुटुंबाने आपल्या आडनावाचे वर्णलेखनही थोडे बदलले आणि गॅलॅघर या नावाचे गॅलाहर झाले.

परंतु आशेप्रमाणे घडले नाही. मिळालेली जमीन हलक्या प्रतीची निघाली. वृद्ध वडिलांना शेतीचे कष्ट झेपेनात. तेव्हा आईने कंबर कसली. मारिया गॅलाहर ही शिकलेली बाई होती. तिने गावच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली आणि तेवढ्या पगारावर सारा संसार चालवला. पुढे तिला कर्करोगाने ग्रासले व १८८७ मध्ये ती मरण पावली. डेव्हिड त्या वेळी अवघ्या तेरा वर्षांचा होता. त्याला शाळा सोडावी लागली आणि पोटासाठी नोकरी पत्करावी लागली. खेळण्याच्या वयात त्याच्या खांद्यावर घरची जबाबदारी येऊन पडली.

काही काळाने गॅलाहर मंडळी ऑकलंड शहरात येऊन राहिली. तेथे डेव्हिडने निरनिराळ्या कारखान्यांत कामे केली. पुढे तो मांस गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत लागला व मुकादमाच्या जागेपर्यंत चढला. कापलेल्या जनावरांची जड धडे उचलणे, वाहणे व रचणे हे तेथील रोजचे काम होते. आजच्या खेळाडूला बळ कमावण्यासाठी व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ व शिक्षक यांची मदत मिळते. गॅलाहरचे शरीर कमावले गेले ते उदरनिर्वाहाच्या कामातून. खेळ ही त्याची नोकरी नव्हती. दिवसभर राबून उरलेल्या वेळात तो सराव करी आणि सुट्टीच्या दिवशी सामना खेळे. त्या काळच्या बहुतेक खेळाडूंची हीच स्थिती होती.

१८९५ मध्ये तो ऑकलंडच्या पॉन्सनबी या रग्बी क्लबात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी ऑकलंड प्रांताच्या संघात त्याची निवड झाली. अंगाने तो सडपातळ पण चिवट होता. प्रतिपक्षाची हालचाल आधीच ओळखणे, चेंडूच्या मागे सतत राहणे आणि खाली पडल्यावर तत्काळ उठून पुन्हा खेळात शिरणे, हे त्याचे विशेष गुण होते.

१९०१ मध्ये गॅलाहर सैन्यात भरती होऊन दक्षिण आफ्रिकेत गेला. इंग्रज व बोअर यांचे युद्ध तेथे चालू होते. सामान्य शिपाई म्हणून गेलेला हा तरुण आपल्या कर्तृत्वाने सार्जंट मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. घोड्यावरून लांबलांबच्या दौडी, अपुरे अन्न व सदैव शत्रूचे भय अशा जीवनात त्याला शिस्तीचे मोल कळले. संकटाच्या वेळी प्रत्येकाला आपले काम व आपली जागा ठाऊक असली तर थोडे लोकही पुष्कळांना पुरे पडतात, ही गोष्ट त्याच्या खेळातही पुढे दिसून आली.

१९०२ मध्ये तो परत आला व पुन्हा रग्बी खेळू लागला. १९०३ साली न्यूझीलंडचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. १५ ऑगस्ट १९०३ रोजी सिडने येथे न्यूझीलंडने आपला पहिला कसोटी सामना २२ विरुद्ध ३ गुणांनी जिंकला. गॅलाहर त्या संघात होता. पुढच्या वर्षी ब्रिटनचा संघ न्यूझीलंडला आला, तेव्हा वेलिंग्टन येथे त्याचाही ९ विरुद्ध ३ असा पराभव झाला. मग न्यूझीलंडने आपला संघ थेट ब्रिटनला पाठवण्याचे ठरवले. कप्तान म्हणून निवड झाली ती गॅलाहरची.

३० जुलै १९०५ रोजी रिमुटाका या जहाजाने संघ वेलिंग्टनहून निघाला. प्रवास सहा आठवड्यांचा होता. जहाजावरच पहिली अडचण उभी राहिली. कप्तान व उपकप्तान नेमण्याच्या पद्धतीवरून काही खेळाडूंत कुरबूर सुरू झाली. गॅलाहरच्या कानी ती गेली. अधिकाराला चिकटून बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने व उपकप्तान बिली स्टेड याने आपापली पदे सोडण्याची तयारी दाखवली. तेव्हा सर्वांचे मत घेण्यात आले आणि बहुमताने दोघांनाच त्या जागी कायम करण्यात आले. ज्याने पद सोडायला मागेपुढे पाहिले नाही, त्याच्याच हाती संघ विश्वासाने गेला. त्यानंतर जहाजाच्या डेकवर नियमाने व्यायाम व सराव चालू झाला. बंदराला लागेपर्यंत निरनिराळ्या गावांचे हे खेळाडू एका मनाने हलू लागले होते.

गॅलाहर व स्टेड यांनी आखलेला खेळ ब्रिटनच्या खेळाहून वेगळा होता. रग्बीमध्ये खेळ थांबला की, तो पुन्हा सुरू करण्यासाठी दोन्ही बाजूंचे आघाडीचे खेळाडू वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. याला स्क्रम म्हणतात. ब्रिटनमध्ये त्या वेळी आघाडीचे आठ गडी स्क्रममध्ये उतरत. जो आधी पोहोचेल तो पुढे वाके, मागाहून येणारा मिळेल तेथे जागा घेई. न्यूझीलंडच्या संघात मात्र सातच गडी स्क्रममध्ये असत. पुढे दोन, मध्ये तीन व मागे दोन अशी त्यांची रचना ठरलेली होती आणि प्रत्येकाची जागाही ठरलेली होती. त्यामुळे एक माणूस कमी असूनही त्यांचा जोर एकाच दिशेने लागे व चेंडू झटकन मागे निघे. वाचलेला आठवा गडी बाहेर मोकळा राही. तो चेंडू स्क्रममध्ये टाकी आणि मग आपल्या संघाच्या चेंडू उचलणाऱ्या गड्याला आडोसा देई. ही आठव्या गड्याची जागा स्वतः गॅलाहर सांभाळत असे.

या रचनेचा प्रभाव पहिल्याच सामन्यात दिसला. १६ सप्टेंबर १९०५ रोजी डेव्हन परगण्याच्या संघाविरुद्ध न्यूझीलंडने ५५ विरुद्ध ४ असा विजय मिळवला. पाहुण्यांविषयी फारशी अपेक्षा न बाळगणारे लोक थक्क झाले. पुढे एकामागून एक विजय मिळत गेले. नोव्हेंबरात स्कॉटलंड व आयर्लंड आणि डिसेंबरच्या आरंभी इंग्लंड यांचे राष्ट्रीय संघही हरले. काळा सदरा, काळी विजार व काळे मोजे घालणाऱ्या या खेळाडूंना ऑल ब्लॅक्स हे नाव याच दौऱ्यात रूढ झाले आणि आजही न्यूझीलंडचा संघ त्याच नावाने ओळखला जातो.

एवढ्याशा वसाहतीतील माणसे आपल्याला कशी हरवतात, याची ब्रिटनमध्ये चर्चा सुरू झाली. त्या देशाला तेव्हा शरीराची काळजी लागलेली होती. बोअर युद्धाच्या वेळी भरतीसाठी आलेले पुष्कळ तरुण अशक्त म्हणून नाकारावे लागले होते. लोकांच्या शरीरप्रकृतीचा ऱ्हास होत आहे काय, याचा विचार करण्यासाठी सरकारने समिती नेमली होती व तिचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे अनेकांनी न्यूझीलंडच्या विजयाचे कारण शरीरातच शोधले. मोकळी हवा, सकस अन्न आणि कष्टाचे जीवन यांमुळे तेथील माणसे अधिक धिप्पाड व बळकट निपजतात, असे वृत्तपत्रे लिहू लागली. न्यूझीलंडचे पंतप्रधान रिचर्ड सेडन यांनीही हेच कारण अभिमानाने सांगितले.

या म्हणण्यात थोडे तथ्य होते. ऑल ब्लॅक्सचे शरीर कसलेले होते, यात शंका नाही. परंतु केवळ बळकट शरीरे एकत्र आणली म्हणजे संघ होत नाही. सात माणसांनी आठांना रेटून मागे हटवले, ते वजनाने नव्हे तर नेमलेल्या जागेमुळे आणि एकाच क्षणी लावलेल्या जोरामुळे. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, या म्हणीचा प्रत्यय प्रेक्षकांना दर आठवड्याला येत होता.

अर्थात या युक्तीवर टीकाही झाली. गॅलाहर आपल्या गड्यापुढे उभा राहून प्रतिपक्षाची वाट अडवतो, हे नियमाला सोडून आहे, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. पंच त्याला वारंवार दोषी ठरवू लागले, प्रेक्षक त्याची हुर्यो करू लागले आणि वृत्तपत्रांतून त्याच्यावर कठोर शब्दांचा मारा होऊ लागला. गॅलाहरला हे लागत असे. परंतु मैदानावर त्याने आपला तोल ढळू दिला नाही.

१६ डिसेंबर १९०५ हा दिवस रग्बीच्या इतिहासात संस्मरणीय ठरला. कार्डिफ येथे ऑल ब्लॅक्सची गाठ वेल्सच्या संघाशी होती. सुमारे ४७,००० प्रेक्षक जमले होते. वेल्सच्या चतुर खेळाडूंनी पाहुण्यांचा खेळ बारकाईने अभ्यासला होता. त्यांनीही आपला एक गडी स्क्रममधून काढून बाहेर मोकळा ठेवला. युक्तीला युक्तीचे उत्तर मिळाले. टेडी मॉर्गन याने केलेल्या एका ट्रायवर वेल्सने ३ विरुद्ध ० असा विजय मिळवला. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने चेंडू रेषेवर टेकवला होता की नाही, याविषयी वाद निर्माण झाला आणि तो कित्येक वर्षे चालला. परंतु गॅलाहरने पंचांचा निर्णय मान्य केला, पराभव मोकळ्या मनाने पत्करला आणि प्रतिपक्षाचे अभिनंदन केले. त्या दिवशीचा आपला सदराही त्याने वेल्सचा कप्तान ग्विन निकोल्स याला दिला.

हा त्या दौऱ्यातील एकमेव पराभव होता आणि तो अधिक दांडग्या माणसांकडून झाला नव्हता. अधिक अभ्यास केलेल्या माणसांकडून झाला होता. १ जानेवारी १९०६ रोजी पॅरिस येथे ऑल ब्लॅक्स फ्रान्सशी खेळले. फ्रान्सचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना होता. त्यात ऑल ब्लॅक्सनी ३८ विरुद्ध ८ असा विजय मिळवला. परतीच्या वाटेवर उत्तर अमेरिकेत झालेले सामने धरून एकंदर ३५ सामन्यांपैकी ३४ त्यांनी जिंकले. त्यांनी ९७६ गुण मिळवले व त्यांच्याविरुद्ध अवघे ५९ गुण झाले. मार्च १९०६ मध्ये हे वीर ऑकलंडला परतले तेव्हा बंदरावर लोकांची झुंबड उडाली.

दौऱ्यानंतर गॅलाहरने स्पर्धेचा खेळ सोडला. परंतु रग्बी सोडली नाही. त्याने व स्टेडने मिळून कम्प्लीट रग्बी फुटबॉलर या नावाचा ग्रंथ लिहिला. तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. संघाची रचना, सराव, नेतृत्व व डावपेच यांचे सविस्तर विवेचन त्यात आहे. त्याच वर्षी त्याचा विवाह झाला व पुढे त्याला एक कन्या झाली. १९०६ ते १९१६ या काळात तो ऑकलंडच्या संघाचा मार्गदर्शक होता आणि १९०७ ते १९१४ पर्यंत न्यूझीलंडच्या संघाची निवड करणाऱ्या मंडळात त्याने काम केले. ज्या विद्येने आपण जिंकलो ती त्याने स्वतःजवळ झाकून ठेवली नाही. पुस्तकातून परक्यांना आणि मैदानावर पुढच्या पिढीला तो ती शिकवीत राहिला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. गॅलाहर चाळिशी ओलांडून गेलेला होता. वयामुळे त्याच्यावर सैन्यात जाण्याची सक्ती नव्हती. तरीही १९१६ मध्ये त्याने आपले नाव नोंदवले. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ डग्लस फ्रान्समध्ये मारला गेला. फेब्रुवारी १९१७ मध्ये पत्नीचा व आठ वर्षांच्या मुलीचा निरोप घेऊन गॅलाहर युरोपच्या रणभूमीकडे निघाला. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जममधील पाशेनडेलजवळच्या लढाईत आपल्या तुकडीसह चाल करून जात असता तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या शिरस्त्राणातून आत शिरला. त्याच दिवशी रणांगणावरील रुग्णालयात त्याची प्राणज्योत मालवली. चव्वेचाळिसावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर आला होता. पोपेरिंगे गावाजवळ सैनिकांच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. युरोपात गेलेले न्यूझीलंडचे संघ तेथे जाऊन त्याला वंदन करतात.

गॅलाहर गेला, परंतु त्याने गाजवलेला खेळ वाढत राहिला, बदलत राहिला. स्क्रमच्या पुढच्या फळीत तीन गडी असलेच पाहिजेत, असा नियम १९३० नंतरच्या काही वर्षांत पक्का झाला. त्याबरोबर न्यूझीलंडची सात गड्यांची रचना आणि गॅलाहरची ती वादग्रस्त जागा, दोन्ही कायमची नाहीशी झाली. एका युक्तीने खेळाचा तोल बिघडतो असे दिसताच नियम बदलले गेले. पुढच्या काळात मात्र तोल बिघडवणारे कारण वेगळेच निघाले. ते म्हणजे माणसांचा आकार.

ही वाढ प्रथम मंद होती. युरोपातील आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडूंच्या वजनांची तुलना करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे १९५५ मध्ये अशा खेळाडूचे सरासरी वजन ८४.८ किलो होते. गॅलाहरच्या वजनाहून हा आकडा फारसा वेगळा नाही. परंतु २०१५ मध्ये हीच सरासरी १०५.४ किलोंवर गेली. साठ वर्षांत प्रत्येक खेळाडूमागे सुमारे वीस किलोंची भर पडली.

याची कारणे शोधणे कठीण नाही. १९९५ पर्यंत रग्बी हा हौशी खेळाडूंचा खेळ होता. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात खेळाडूंना उघडपणे पैसे घेऊन खेळण्याची मुभा मिळाली. खेळ हाच ज्याचा धंदा झाला, तो दिवसभर वजने उचलू लागला, मोजूनमापून आहार घेऊ लागला. त्याच वर्षीच्या विश्वचषक स्पर्धेत न्यूझीलंडच्या जोना लोमू या वीस वर्षांच्या तरुणाने सर्वांना चकित केले होते. त्याची उंची १९६ सेंटिमीटर व वजन ११५ किलोंहून अधिक होते आणि तरीही तो पिछाडीला कडेने वाऱ्यासारखा धावे. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने एकट्याने चार ट्राय केले. एवढा मोठा माणूस एवढ्या वेगाने पळू शकतो, हे पाहिल्यावर सर्व संघ तशाच माणसांच्या शोधाला लागले.

नियमांचाही यात हात होता. १९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांत जखमी गड्याच्या जागी दुसरा गडी घेण्याची सोय नव्हती. मैदानावर उतरलेल्या पंधरा जणांनाच शेवटपर्यंत पळावे लागे. फार जड माणूस उत्तरार्धात दमून जाई आणि हलका, चपळ गडी त्याला चकवून निघे. आता आठ राखीव गडी घेता येतात. अवजड खेळाडू थोडा वेळ सारे बळ खर्चून खेळतो व दमला की, त्याच्या जागी दुसरा ताजातवाना खेळाडू येतो. मैदानाची लांबीरुंदी मात्र आहे तेवढीच राहिली. माणसे वाढली, मैदान वाढले नाही. त्यामुळे खेळाडूंमधील मोकळी जागा कमी झाली आणि चुकवून जाण्यापेक्षा धडकून जाण्याचे प्रसंग वाढले.

धडकेचा हिशोब सरळ आहे. दोन माणसे सारख्याच वेगाने धावत असली, तर ज्याचे वजन अधिक त्याच्या धडकेचा जोर अधिक. ८४ किलोंच्या माणसापेक्षा १०५ किलोंच्या माणसाच्या धडकेत एकचतुर्थांश जोर जास्त असतो. आणि आता समोरून येणाराही तेवढाच जड असतो. व्यायामाने स्नायू वाढतात, हाडेही बळकट होतात. परंतु कवटीच्या आतील मेंदू कोणत्याही व्यायामाने बळकट करता येत नाही. डोक्याला वारंवार बसणारे धक्के पुढील आयुष्यात स्मृती व बुद्धी यांवर आघात करू शकतात, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. ऐन तारुण्यात मैदान गाजवलेल्या काही खेळाडूंना मध्यम वयातच विस्मृतीच्या विकाराने गाठले आहे.

म्हणून आता पुन्हा नियमांकडे लक्ष वळले आहे. डोक्यावर आघात करणाऱ्या खेळाडूला मैदानाबाहेर काढले जाते. फ्रान्समध्ये २०१९ पासून हौशी खेळाडूंच्या सामन्यांत प्रतिपक्षाला कमरेच्या वर धरण्यास बंदी करण्यात आली. इंग्लंडमध्येही २०२३ मध्ये तशा सामन्यांसाठी छातीच्या हाडाखालीच धरले पाहिजे, असा नियम झाला. न्यूझीलंडमध्ये मुलांचे गट पाडताना अनेक ठिकाणी वयाबरोबर वजनही पाहतात. इतकेच नव्हे, तर ८५ किलोंपर्यंत वजन असलेल्या प्रौढ खेळाडूंसाठी तेथे २०२० पासून एक स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. ज्या देशाचा पहिला थोर कप्तान ८४ किलोंचा होता, त्याच देशात आता तेवढ्या वजनाच्या माणसांसाठी वेगळी जागा राखावी लागली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

याचा अर्थ मोठे शरीर हा दोष आहे, असा नाही. लोमूसारख्या खेळाडूंनी लाखो लोकांना आनंद दिला आहे. रग्बीची मूळची थोरवी हीच आहे की, तिच्यात सर्व तऱ्हेच्या माणसांना काम असते. रेटण्यासाठी भक्कम गडी लागतो, उंच चेंडू झेलण्यासाठी उंच गडी लागतो, चेंडू उचलून देण्यासाठी ठेंगणा व चपळ गडी लागतो आणि या सर्वांना एका सूत्रात ओवण्यासाठी शांत डोक्याचा कप्तान लागतो. यांपैकी एकाच प्रकारची माणसे उरली, तर खेळ जोराचा होईल. पण तो गरीब होईल. आणि त्या जोराची किंमत तरुणांच्या आरोग्याने चुकवावी लागली, तर त्याला खेळ म्हणणेही कठीण होईल.

ऑकलंडमधील क्लबांच्या स्पर्धेत १९२२ पासून गॅलाहरच्या नावाची ढाल दिली जाते. २००० सालापासून न्यूझीलंड व फ्रान्स यांच्या सामन्यांसाठीही त्याच्या नावाचा चषक ठेवण्यात आला आहे. हे सन्मान त्याच्या वजनासाठी किंवा उंचीसाठी दिलेले नाहीत. तेराव्या वर्षी शाळा सुटलेल्या, कारखान्यात ओझी उचलून मोठ्या झालेल्या एका मुलाने आठांच्या जागी सातांना पुरे पाडण्याचा मार्ग दाखवला, विजयात आपली विद्या वाटून टाकली आणि पराभवात प्रतिपक्षाचा हात हातात घेतला, म्हणून ते आहेत. ईडन पार्कच्या आवारातील पुतळा कारागिराने प्रत्यक्ष माणसाहून मोठा घडवला आहे. परंतु त्या पुतळ्यासमोरून मैदानात जाणाऱ्या शेलाट्या मुलालाही आपली तेथे गरज आहे असे वाटले, तरच गॅलाहरचा खेळ खऱ्या अर्थाने जिवंत राहिला, असे म्हणता येईल.